दोन नंबरची पिशवी

वसमतच्या मोंढ्यात मी मापाडी.
हळदीचं पोतं काट्यावर चढलं की
आधी बारदाना वजा, मग आकडा.
सत्तावीस वर्षांत माझ्या मापावर
कुणी बोट ठेवलं नाही.

घरी माझं माप चालत नाही.
चंदनाचं आतडं उरलंय वीतभर,
ताटातलं अंगी लागत नाही,
म्हणून छातीतल्या नळीतून रात्रभर
थेंब थेंब जेवण, थेट रक्तात.

आधी तिची पिशवी नांदेडहून यायची,
तिच्या नावाची, तिच्या त्या आठवड्याच्या वजनाची,
बर्फाच्या डब्यात, एसटी ड्रायव्हरच्या पायाशी.
वीज गेली की आम्ही फ्रिजला कान लावून.
एकदा मालेगावजवळ गाडी बंद पडली
आणि लेकराची भूक आम्ही
घड्याळात मोजली.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठरलेली पिशवी देऊ.
सगळ्या लेकरांना तीच, वजनाप्रमाणे तीन नंबर.
चंदनाचा दोन.
आत खण: साखर, प्रथिनं, दुधासारखी चरबी.
दाबलं की मधले बांध फुटतात, सगळं एक होतं.
बर्फ नको, फ्रिज नको,
कपाटात राहते, गोधडीखाली.

आशामती रुसली.
"दोन नंबरचा माल? रेशनच्या गव्हासारखा?
माझ्या लेकीचं नाव कुठंय ह्याच्यावर?"

नव्हतं. आकडा होता, आणि तारीख.
मी काय बोलणार,
शंभर शेतांची हळद एकाच किलोनं मोजणारा माणूस.

पण हात धुताना,
कोपरापर्यंत, दोनदा,
नखातली हळद ब्रशनं काढताना वाटतं,
आत्ता औंढ्याला, नाहीतर त्याच्याही पलीकडं
कुणी बाप अशीच पिशवी
पोटाशी धरून दाबत असेल.
त्याच्या लेकराचं नाव मला माहीत नाही.
जेवण माहीत आहे.

आठला पंप लागतो.
चंदना विचारते, "आज काय गं?"
आशामती पिशवी दिव्यासमोर धरते, नीट निरखते.
"धपाटं. वर दही."
काल अंबाडीची भाजी होती.
परवा वरणफळं, तिखट झालेली,
चंदनानं पाणी मागितलं होतं.

खोटं माप मला खपत नाही.
इथं मी गप बसतो.

रविवारी तिला काट्यावर उभी करतो.
अकरा किलो दोनशे.
"बाबा, नळी वजा करायची?"
"असू दे," म्हणतो,
आणि वहीत लिहितो
बारदान्यासकट.