उकडतंय

एप्रिलात, सावद्याच्या वजनकाट्यावर
केळीचे ट्रक उभे, पत्रा हात लावू देत नाही,
आणि मी खिडकीशी शाल लपेटून पावत्या फाडते.
सुपडू हमाल म्हणाला,
"ताई, तुमची बदली काय हिमालयातून झाली का?"
मीही हसले. हसू चेहऱ्यावर उशिरा पोचलं.

तसं सगळंच उशिरा पोचत होतं.
नऊ अधिक सातला पेन थांबायचं.
भुवयांची बाहेरची टोकं कधी गेली, कळलं नाही.
सासूबाई म्हणाल्या, "बसून बसून फुगली."
नवरा काही बोलला नाही; एकदाच फक्त
फोनवर माझा आवाज ऐकून विचारलं, "कोण बोलतंय?"

पकडलं ते कासारणीने.
सव्वादोनची बांगडी अंगठ्याशीच अडली.
तिने हात धरून ठेवला, दाबून पाहिला,
"हे लठ्ठपण नही माय. रगत दाखव."

भुसावळला रिपोर्ट. टीएसएच अडुसष्ट,
अँटीबॉडीज हजाराच्या वर.
नेहेते डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, "गिळा" म्हणाल्या,
मी नुसतंच गिळलं.
"तुमचं शरीर तुमच्याच ग्रंथीला परकं समजतंय."

मला ज्वारीतला माळा दिसला,
वर गोफण घेतलेला राखण्या.
पाखरं केव्हाच उडून गेलीत,
हा अजून दगड भिरकावतोय
घरधनिणीच्याच पाठीवर.
त्याला खाली उतरवायचं औषध नाही, म्हणाल्या.
मोडलं तेवढं भरून द्यायचं. रोज. जन्मभर.

एवढीशी गोळी, पहाटे, उपाशीपोटी,
चहा तासाभराने,
रक्तवाढीची गोळी तिच्या आसपासही नको.
बाटली उष्णतेत ठेवू नका.
बाई, आमच्याकडे मे महिन्यात उष्णता कुठे नसते?
शेवटी उत्तरेच्या कोनाड्यात जागा केली,
देवाला थोडं सरकवून.

मेच्या अखेरीस, सेहेचाळीस अंश,
लाइट गेलेली, पंखा मेलेला,
आणि पावती फाडता फाडता मी म्हणाले,
"काय उकडतंय!"
सुपडूने वर पाहिलं.
शाल खुर्चीच्या पाठीवर होती, कधीपासून कोण जाणे.

भुवया अजून अर्ध्याच. टीएसएच अकरा.
गोळी पंचवीसने वाढली, सहा आठवड्यांनी परत रक्त.
कासारीण सव्वादोनचा डबा उघडते.
थांब गं, म्हणते मी, आज अडीचच दे.