न हलणारा पाळणा

आमच्या घरात जमिनीवर गोटी ठेवली की ती समुद्राकडे निघते.
दारापासून सुटते, टेबलाखालून जाते,
खिडकीखालच्या पत्र्याला टेकून थांबते.
वालपराइसोच्या टेकड्यांवर बरीच घरं अशी,
कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीसारखी
एका बाजूला कललेली.
इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही.
आठव्या महिन्यात वाटायला लागलं.

निबाल्दो केबलगाडीचा मिस्त्री.
दोर तपासतो, दातेरी चाकं तपासतो, ब्रेक तर दोनदा.
माणसं टेकडी चढतात, उतरतात,
त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.
तो म्हणतो, ज्या दिवशी कळेल
तो दिवस वाईट असेल.

दुकानात बाकीचे रंग बघत होते.
हा गुडघे टेकून खाली बसला.
हातातला पेयाचा रिकामा डबा
गजांच्या मधून आत सरकवून पाहिला.
पहिल्या खाटेत आरपार गेला. ती बाद.
दुसरीत अडला.
पण गादी आणि कड यांच्यामध्ये त्याची दोन बोटं शिरली.
तीही बाद.
तिसऱ्या गादीवर मूठ दाबली, मूठ रुतली.
विकणारी मुलगी म्हणाली, किती मऊ आहे बघा ना!
तेच तर, हा म्हणाला.

माझी मागणी एकच,
वाकावं लागू नये.
पोटावर टाके पडायचे होते, तारीखही ठरली होती.
माझ्या पलंगाच्या उंचीला येईल,
पलंगाला पट्ट्यानं घट्ट बांधता येईल,
आणि माझ्या बाजूची कड एका हातानं उतरेल अशी खाट.
दुसऱ्या हातात ती असणार.

मिळाली. बिनरंगाची, बीचच्या लाकडाची,
ठरवल्यापेक्षा चाळीस हजार पेसो जास्त.
घरी आणल्यावर पहिल्यांदा त्यानं चाकं काढली.
मग पाणसळ घेऊन पालथा पडला.
समुद्राकडच्या पायांखाली अंगठाभर जाड लाकूड,
तेवढंच आमच्या पलंगाखालीही.
बुडबुडा मध्ये आला तेव्हा
दिवे लागले होते बंदरात.
लग्नाला नऊ वर्षं झाली,
आम्ही त्या रात्री पहिल्यांदा सपाट झोपलो
आणि मला उताराशिवाय झोप येईना.

सासूबाई चिलोएहून आल्या, बस, बोट, परत बस.
गाठोड्यात मेंढीच्या लोकरीची उशी, जाड रजई,
लोकरीचाच ससा, एक डोळा बटणाचा.
पाळण्यापाशी थबकल्या.
रिकामा? अनाथाच्या लेकरासारखा?
नुसती गादी नि ताणलेली चादर?
निबाल्दो म्हणाला, आई, आत काही ठेवायचं नाही.
आणि ती पाठीवरच झोपणार.
त्या म्हणाल्या, मी उशीवरच वाढवलं तुम्हा चौघांना.

अमांकाय आली. तिसऱ्या रात्री
मी दूध पाजून कड वर केली, डोळे मिटले,
तर अंधारात कुणीतरी वाकलेलं.
सासूबाई.
मला वाटलं, ससा ठेवतायत.
त्या काढत होत्या.
संध्याकाळी हळूच ठेवला असावा पायथ्याशी.
छातीशी धरून उभ्या राहिल्या,
मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
पाच होती.
इतकंच. आणि स्वयंपाकघरात जाऊन
पाणी तापत ठेवलं, रात्री तीन वाजता.

ससा आता खिडकीत बसतो, जहाजं मोजतो.
रजई माझ्या पायांवर.

बावीस दिवसांची झाली तेव्हा जमीन हलली.
फार नाही. कप एकमेकांना लागले,
दिवा झुलला, कुत्री ओरडली,
कपाटामागची हरवलेली गोटी
कुठूनशी सुटून गडगडत गेली.
निबाल्दो जागा व्हायच्या आधी
त्याचा हात पट्ट्यावर होता.

पाळणा जागेवर.
ती झोपलेली, दोन्ही मुठी कानांशी,
पोट वर येतं, खाली जातं, वर येतं.

सकाळी तो पुन्हा पालथा पडला, पाणसळ घेऊन.
बुडबुडा केसभर सरकला होता.
समुद्राकडे नाही, म्हणाला,
तुझ्याकडे.
आणि कामाला उशीर होत असतानाही
ते लाकूड काढून, तासून,
परत बसवत राहिला.