मागच्या सीटखालची जाळी

भडांगे, आधी बॉनेटला हात लावून बघा.
गार आहे? बरं झालं.
विकणारे कधी कधी गाडी तापवून ठेवतात,
पाहुणे यायच्या आधी पोराचं तोंड धुवावं तशी.

गंगापूर रोड, डॉक्टर गायधनींचा पोर्च.
मोतिया रंगाची एसयूव्ही, वय वर्षं नऊ.
बटण दाबलं, आवाज नाही.
तुम्ही दचकलात.
हायब्रिड अशीच उठते,
घरात कुणी आजारी झोपलेलं असावं तशी.

चामड्याचा वास घेऊ नका, तो भुलवतो.
सीट मागे सरकवा, पट्टीत बोट घाला.
दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं त्या वर्षी
किती महागड्या गाड्या बुडाल्या
आणि पुसूनपासून परगावी विकल्या गेल्या
मला विचारा. दोन मीच पुसल्यात.
गंज मात्र लाच घेत नाही.
इथे नाही तो. पुढे चला.

एक लाख आठ हजार किलोमीटर, आणि ब्रेकपॅड अजून निम्मे!
कसारा उतरताना ही उतार वाया घालवत नाही,
खालच्या वळणापर्यंत गाठीला बांधते.

सर्व्हिस बुकात शिक्क्यावर शिक्का,
मग दीड वर्ष कोरं.
स्कॅनर लावला.
चौदांपैकी चार नंबरचा ब्लॉक तापतोय.
भडांगे, तुमचा चेहरा उजळला:
किती पाडायचे? दोन लाख?

थांबा.

मागच्या सीटखाली बॅटरीचा पंखा, त्यावर जाळी.
उघडली.
पांढरे केस. बोटभर जाड गादी.
इतकी वर्षं ही बॅटरी
तोंडावर उशी घेऊन श्वास ओढत होती.

डॉक्टर म्हणाले, "बर्फी.
तिथेच बसायची. खिडकी उघडी लागायची."
आणि मग, कोऱ्या पानांकडे बघत,
"तिला दवाखान्यात नेलं, त्यानंतर
काढलीच नाही फारशी."

तर सल्ला असा:
बारा व्होल्टची छोटी बॅटरी बदला, उभ्या उभ्या मेली आहे.
मोठीसाठी पैसे बाजूला ठेवा,
आज नाही, पण एक दिवस लागतील.
एकच ब्लॉक बदलून देतो म्हणणाऱ्याला
चहा पाजा, गाडी देऊ नका.
बाकी गाडी खरी आहे.
खरी म्हणजे बिघडणार नाही असं नव्हे;
बिघडेल तेव्हा आधी सांगेल.

मी ब्रश काढला.
डॉक्टर म्हणाले, "द्या, मी करतो."
आत जाऊन स्वतःचं बारीक आकड्याचं हत्यार घेऊन आले.
चाळीस वर्षं लोकांच्या दाढा साफ केलेला माणूस
मागच्या सीटपाशी गुडघ्यावर बसला,
एकेक केस उपसत, सवयीनं पुटपुटत,
"झालं हं. थोडंच राहिलंय."

भडांगे, तुम्ही कॅल्क्युलेटर खिशात ठेवलात,
ते मी पाहिलं.