एल. एस.

कोर्टाच्या तळघरात, दोनशे बाराव्या पानावर,
सहीच्या शेजारी वेड्यावाकड्या वेटोळ्यात दोन अक्षरं.
व्हर्लीन टॉलिव्हर विचारतात,
"हा एल. एस. कोण? आमच्या घरात याचं नाव
कुणी घेतलं नाही कधी."

कुणी नाही, बाई. लॅटिन आहे. लोकस सिगिली.
शिक्क्याची जागा.
शिक्का नव्हे; जागा.

मूळ कागदावर लाख होती, लाल,
मेणबत्तीवर धरून थेंब थेंब सांडलेली,
तीत मालकाच्या अंगठीतलं हरीण दाबलेलं.
लाख काही वहीत उतरवता येत नाही,
पानं चिकटतात.
म्हणून नक्कलनवीस लेम्युअल गार्थने
पिसाची लेखणी गरकन फिरवली
आणि एवढंच नोंदलं: इथे होता.

पुढे मूळ कागदांवरूनही लाख गेली.
पिठाची चकती आली, मग नुसतं वेटोळं,
मग छापखान्यातूनच अक्षरं छापून यायला लागली
आणि न्यायाधीश म्हणाले, चालेल.
जागा आहे ना, मग शिक्कामोर्तब झालंच समजा.
कायदासुद्धा अधूनमधून असा देवभोळा होतो.

व्हर्लीनबाई चाळीस वर्षं शाळेची बस चालवत होत्या.
चष्मा कपाळावर, नाक पानाला टेकायच्या बेतात.
'केझाया. वय अंदाजे तीस.
डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. आजपासून मोकळी.
सन अठराशे एकतीस, व्हर्जिनिया.'
खाली मालकाची सही. तिची कुठेच नाही.

आणि मूळ कागद?
"परकराच्या अस्तरात शिवलेला असायचा.
नाक्यानाक्यावर उसवायचा, दाखवायचा, पुन्हा शिवायचा.
घड्यांवर फाटत फाटत गेला.
लाखेचा खडा मात्र पुष्कळ वर्षं
बटणांच्या डबीत होता म्हणतात.
कुणा पोराने गोळी समजून चघळला."

नकलेचे अडीच डॉलर.
माझ्या टेबलावर लोखंडी दाबयंत्र आहे.
शाई नाही, लाख नाही, कागद नुसता फुगतो.
त्या वेटोळ्यावर बोट ठेवतात,
"इथे मारा की. जागा राखून ठेवलीय."
नियमात बसत नाही. मी खाली कोपऱ्यात दाबतो.

त्या कागद उलटा करतात,
उंचवट्यावरून अंगठा फिरवतात, सावकाश.
"हे त्याचं नाही ना?"
नाही. काउंटीचं.
"मग ठीक आहे," म्हणतात,
आणि सुटे पैसे मोजू लागतात.