बर्फाची जाडी

ओउलूत फेब्रुवारी. उणे बावीस.
तिसऱ्या मजल्यावर चाळीस यंत्रं रात्रभर
ब्राउझरच्या तोंडात कचरा कोंबत असतात:
अर्धवट चित्रं, शेपूट तुटलेले फॉन्ट,
ज्याची रुंदी उणे एक आहे असा चौकोन.
हा माझा धंदा. पगार घेऊन खोड्या काढायच्या.

डावीकडची वीस आमच्या ब्राउझरला छळतात,
उजवीकडची वीस त्यांच्या.
त्यांची माणसं आमच्या दसपट.
त्यांची नवी आवृत्ती दर चार आठवड्यांनी, पगारासारखी न चुकता;
आमची निघते, कालेर्वोचा मुलगा तापातून उठला की.
त्यांनी प्रत्येक टॅबला वेगळी कोठडी दिलीय,
एकीत आग लागली तर दुसरीत धूरही जात नाही.
आम्ही अजून भिंती लिंपतोय.
पण काल रात्री काय शोधलंस, हे आम्ही कुणाला विचारत नाही.
ते विचारतात. गोड आवाजात. आणि लिहून ठेवतात.
जास्त सुरक्षित कोण गं, आई फोनवर विचारते.
मी म्हणते, कुणापासून, ते आधी सांग.

मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
उजवीकडचं सतरावं यंत्र कोसळलं.
एक चित्र, अवघं एकशे बारा बाइटचं.
ओळ चारशे एकोणीस: भांडं पावशेराचं, ओतलं शेरभर,
आणि सांडलेलं कुठे वाहत जाईल ते कुणाच्याच हातात नाही.
खोटं कशाला बोलू, मी खुर्चीतून उडालेच.
एवढे मोठे, एवढे मिरवणारे,
आणि सापडले मला, लोकरी मोज्यांत, एकटीला.
मग सवयीनं, निव्वळ सवयीनं,
तेच चित्र डावीकडे टाकलं.

तेही पडलं.
त्याच ओळीवर.

चित्रं उलगडणारा तो तुकडा दोघांनीही
एकाच माणसाकडून घेतलेला. फुकट. तेवीस वर्षांपूर्वी.
वर त्याची टीप: इथे तपासायला हवं, उद्या बघतो.
त्याचा पत्ता कधीच बंद पडलाय.
आम्ही एकमेकांच्या दारांवरची कुलपं मोजत बसलो
आणि खाली खडी एकाच गाडीतली.

आधी आपलं बुजवू, त्यांना आठवड्यानं सांगू,
कालेर्वो फोनवर म्हणाला,
आणि स्वतःच कानकोंडा होऊन पोराला औषध द्यायला गेला.

रौनोमामा बर्फ मोजतात.
हाइलुओतो बेटाकडे जाणारा, गोठलेल्या समुद्रावरचा रस्ता
गाड्यांना खुला करायचा की नाही, ते ठरवतात.
हातात गिरमीट. शंभर पावलांवर एक भोक.
लहानपणी मी विचारलं होतं,
भोकं पाडून तुम्हीच बर्फ कच्चा करत नाही का?
ते म्हणाले, भोक न पाडता जाडी सांगणारे दोघंजण होते.
त्यांना विचारता आलं तर विचार.
बोट समुद्राकडे होतं. मला वाटलं, बेटावर राहतात.

साडेतीनला मी लुलेओला फोन लावला.
आखातापलीकडे तेव्हा अडीच.
एस्किल झोपेतच बोलला: कितवी ओळ?
सांगितली. कळफलकाचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.
तुमचंही पडतं का?
इथे एक थाप सहज खपली असती.
हो, म्हटलं.
तो हसला नाही. टीप वाचलीस ना, एवढंच म्हणाला.

सहा वाजेपर्यंत दोघं मिळून ती एक ओळ लिहीत होतो.
त्याला कंस पुढच्या ओळीवर हवा, मला त्याच ओळीवर.
त्यावरून मात्र आम्ही जाम भांडलो.