परमिट

निपाणीच्या पतसंस्थेत रात्रीचे साडेअकरा.
मी टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात मांडी घालून.
वर खुर्चीत मॅनेजर अण्णाप्पा कागे, कानटोपी घालून,
दर दहा मिनिटांनी: "सापडलं काय?"

सोमवारी मशीनची मेमरी वाढवली, चारची आठ जीबी.
मंगळवारपासून येणारं पाकीट मधूनच फाटकं.
आणि आज पिग्मीच्या खात्यात,
भरमू नेसरकरच्या चारशे बारा रुपयांवर,
कुठल्याशा छपाईयंत्राची सूचना उमटलेली.

नेटवर्कचं कार्ड जुनं.
बत्तीस बिटांपुढचा पत्ता त्याच्या हातात मावत नाही.
ड्रायव्हरनं मात्र त्याच्या वतीनं सांगून टाकलेलं:
चौसष्ट. कुठंही पोचतो.
कर्नेलनं विश्वासानं चार जीबीच्या वरची जागा दिली.
कार्डानं वरचे आकडे मुकाट गाळले,
उरलेल्या पत्त्यावर माल उतरवला.
एकशे बारा नंबरचं सामान बारा नंबरात,
कडी न वाजवता.

बा कोगनोळी नाक्यावर हमाल होता.
पलीकडचं परमिट नसलेली लॉरी तिथवर यायची, थांबायची.
बा पोतं पाठीवर घ्यायचा,
ह्या लॉरीतून त्या लॉरीत.
हिशोब काडेपेटीवर, कन्नड आकड्यांत.
शिव्या मराठीत.

एकदा एक ड्रायव्हर छाती ठोकून म्हणाला,
परमिट हाय की.
नव्हतं.
संकेश्वरी मिरची चार दिवस जप्तीत,
नाक्यावरचे शिपाई आठवडाभर शिंकत होते.
बा तेव्हा पाठ चोळत बोलला होता,
"नाही पोचत म्हणायला लाज कसली?
म्हणाला असता तर मी होतोच की."

एवढं आठवेपर्यंत चहावर साय धरली.
ड्रायव्हरात शोधून ती ओळ काढली,
चौसष्टच्या जागी बत्तीस लिहिले.
आता खाली एक राखीव कट्टा आहे,
कार्ड तिथंच माल टाकतं,
मग कुणीतरी तो उचलून वर नेतं,
बाइट न बाइट, खऱ्या घरी.
वर न्यायच्या आधी वाचायला गेलं
तर तिथं कालचंच सापडेल,
हेही मला दोनदा चुकून कळलं.

एकला पाकिटं सरळ यायला लागली.
नेसरकरचे चारशे बारा हातानंच भरले.

कागे पडद्याकडं बघत बसले बराच वेळ.
"जरा सावकाश झालंय काय?"
होय, म्हटलं. मधे हमाली आहे.
त्यांनी खतावणी ओढली, पेनचं टोपण काढलं.
"मग ती कुणाच्या नावे टाकू?"