बाळसं

आमच्या गल्लीत केफीरचे दाणे कुणी विकत नाही.
मागायचे, नाहीतर कुणी देईपर्यंत थांबायचं.
दोना ओताव्हियाने काचेच्या बरणीत आणले,
तोंडाला फडकं, फडक्याला रबर.
"फ्लॉवरचे तुरे दिसतात, पण जिवंत आहेत हं.
उपाशी ठेवू नकोस."
मी हसले. हे मला शिकवायचं!

दाल्वा जन्मली तेव्हा
सुईण म्हणाली, पहिलवान आलाय.
दंडावर शिरा, पोटऱ्या पिळदार,
गाल मात्र बसलेले, म्हातारीचे.
मी आणि तिचा बाप आत्ते-मामे भावंडं.
सेरिदोत सगळेच कुणाचे तरी आत्ते-मामे.
नाताल शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी
लांबलचक नाव सांगितलं.
मला कळलं ते एवढंच:
चरबी साठवायची कोठारंच हिच्या अंगात बांधलेली नाहीत.
मग ती रक्तात हिंडते, यकृतावर थापली जाते,
आणि इन्सुलिन कितीही ओता,
शरीर हूं की चूं करत नाही.

भूक मात्र.
रात्री दोनला ती फडताळाशी सापडते,
कसाव्याचं कोरडं पीठ तोंडात,
ओठ पांढरे.
मी कुलूप लावलं, मग काढलं, मग लावलं.

दिवसभर मी काइकोच्या दुकानासाठी चादरी भरते.
गुलाबाची पाकळी टपोरी दिसावी म्हणून
आधी खाली जाड दोऱ्याची गादी घालते.
संध्याकाळी दुसरी सुई.
चिमटीत नुसती कातडी येते,
खाली गादी नाही.

डॉक्टरीणबाईंनी अभ्यासासाठी कॅप्सूल दिल्यात.
आत कोट्यवधी जंतू, चांगल्या वळणाचे.
किंवा नुसती पिठी. अर्ध्या बाटल्यांत तीच आहे,
कुठल्या, ते त्यांनाही माहीत नाही.
"इन्सुलिनचं शरीर जरा ऐकू लागेल, कदाचित."
तो कदाचित मी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवला.
आणि केफीर?
"अभ्यास संपेपर्यंत नको. मग कळणार कसं, कुणामुळे काय?"

म्हणजे बरणी घरात, आणि तिलाच बंदी.
तरी त्यांना शेळीचं दूध पाजते ती दाल्वाच.
नऊ वर्षांची, सदा भुकेली,
मोजून ओतते,
बोट चाटते, माझ्याकडे बघते.
महिन्यात एका बरणीच्या दोन झाल्या.
"आई, हे लठ्ठ झाले!"
लाकडी चमच्याने एक दाणा उचलून
तिने स्वतःच्या गालाला लावला.
गार. गुबगुबीत.
आमच्या घरात बाळसं धरलं ते यांनी.

रक्त नेलंय. निकाल यायचाय.
आंबायला ठेवलेल्याचं झाकण
सारखं उघडून बघू नये म्हणतात.
मी बघते.

पलीकडच्या गल्लीत फ्रान्सिनेतीला मुलगी झालीय.
लोक म्हणतात, काय मजबूत दंड आहेत पोरीचे.
दुसरी बरणी घेऊन मी निघाले,
तर दाल्वा दारापर्यंत मागे आली.
"त्यांना सांग," म्हणाली,
"रात्रीपण भूक लागते."